तबकडीचा वास

ईरप्पाचं स्थळ जुळवणारा धोंडप्पा दारात आला तो घाईतच. बार्शीची एस.टी. सुटायला आली होती आणि बार्शीच्या बाजारात त्याची तूर उतरायची होती. त्यानं चपलासुद्धा काढल्या नाहीत. उंबऱ्याच्या बाहेरूनच खणाच्या कापडात बांधलेलं एक गोल गाठोडं त्यानं सावित्रम्माच्या हातात दिलं आणि म्हणाला, "मंगळवेढ्यासनं शांतम्मानं दिलंय. जपून ठिवा. रविवारी पावणे घर बघायला यायलेत. येतो मी." पाणी तरी घ्या म्हणेपर्यंत तो गल्लीच्या कोपऱ्यावर पोचला होता.

सावित्रम्मा गाठोडं घेऊन दारातच उभी राहिली. खण नवाकोरा होता, जांभळा, लाल काठाचा. गाठीवर कुंकवाचं बोट उमटलेलं होतं. हाताला गोल आणि जड काहीतरी लागत होतं. नारळच असणार. बाजूला जरा मऊ लागतंय ते खोबरं किंवा गूळ. सावित्रम्माचे डोळे भरून आले.

"अहो, ऐकलं का? ईरूच्या सासरची ओटी आली!"

'सासर' म्हणायला अजून अवकाश होता. ईरप्पा कोरे एकोणतिशीला आला होता आणि त्याची दोन स्थळं आधी हातची गेली होती. एक पत्रिकेवरून, दुसरं कशावरून ते शेवटपर्यंत कळलं नाही. तिसरं हे मंगळवेढ्याच्या निंगप्पा-शांतम्माच्या प्रेमलाचं. महिन्यापूर्वी मुलगी पाहून झाली होती. ईरप्पाला ती इतकी आवडली होती की परतीच्या गाडीत तो तिकिटाचे सुटे पैसे घ्यायलाही विसरला. आता मुलीकडची माणसं घर पाहायला येणार होती. घर पसंत पडलं की सुपारी फुटणार, नाही तर ईरप्पाचं तिसरं स्थळही जाणार.

गुरुलिंगप्पा कोरे आतून लगबगीनं आले. सोलापूरच्या जकात नाक्यावर त्यांनी सगळी नोकरी काढली होती. शहरात येणारं गाठोडं, पेटी, पोतं, टोपली, जे दिसेल ते त्यांनी सोडून बघितलं होतं. एकदा तर एका नवरदेवाचा फेटासुद्धा सोडायला लावला होता. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी गाठ दिसली की त्यांची बोटं शिवशिवत.

"बघू, बघू," म्हणत त्यांनी हात पुढं केला.

सावित्रम्मानं त्या हातावर फटकन मारलं. "खबरदार! सोयऱ्याची ओटी सोयऱ्याच्याच हातानं उघडायची असती."

"नुसतं बघतो की. परत बांधतो."

"माझ्या थोरल्या आत्यानं असंच नुसतं बघितलं होतं. अक्कलकोटात सगळ्यांना ठावं हाय काय झालं ते."

"काय झालं?"

"तिच्या पोरीचं लगीन मोडलं. ती पोरगी अजून घरात हाय. पासष्टीची हाय आता."

गुरुलिंगप्पांनी हात मागं घेतला. दोन स्थळं गेलेल्या मुलाच्या बापानं असल्या बाबतीत वाद घालायचा नसतो. सावित्रम्मानं गाठोडं लाकडी देव्हाऱ्यात, बसवेश्वरांच्या तसबिरीशेजारी ठेवलं, त्याला हळदकुंकू वाहिलं, वर जास्वंदीचं फूल ठेवलं आणि उंदीर-मांजर नको म्हणून देव्हाऱ्याची दोन्ही दारं लावून घेतली. त्या दिवसापासून सकाळच्या पूजेला आणि संध्याकाळच्या दिवाबत्तीला दारं उघडायची, देवांबरोबर गाठोड्यालाही धूप दाखवायचा आणि दारं पुन्हा बंद, असा क्रम सुरू झाला.

त्याच संध्याकाळी ईरप्पा दुकानातून आला तोही काहीतरी काखेत मारूनच. तो चादरीच्या एका दुकानात विक्रीला होता. मुलगी पाहायला गेले तेव्हा, गुरुलिंगप्पा पेढ्यांच्या ताटात गुंतलेले असताना, प्रेमलानं खाली मान घालून ईरप्पाला एकच प्रश्न विचारला होता, "तुमच्या घरात गाणं असतं का?" ईरप्पानं ठोकून दिलं, "असतं की! रोज!" घरात तेव्हा देवाची घंटा सोडली तर काहीच वाजत नव्हतं. सोलापुरात आल्याबरोबर त्यानं हप्त्यावर एक जुना रेकॉर्ड प्लेअर घेतला आणि मित्राला, म्हणजे बाळूला, चांगली तबकडी आणायला सांगितलं. बाळूचा मेहुणा मुंबईला गोदीत होता. त्यानं पाठवलेली ही तबकडी परदेशी होती. वेष्टनावर रुंद पायांची विजार घातलेला एक माणूस एक पाय वर करून उभा होता, डोक्यावर केसांचा भला मोठा गोल पिसारा, आणि त्याच्या खाली चार ठळक इंग्रजी अक्षरं.

ईरप्पानं सुई टेकवली. धप्, धप्, टिक, धप्. घरातली भांडी हलल्यासारखी वाटली. गुरुलिंगप्पा बराच वेळ कान देऊन ऐकत बसले.

"गाणं कवा सुरू होतंय?" त्यांनी विचारलं.

"हेच गाणं हाय, अप्पा."

"मला वाटलं अजून जुळवाजुळव चाललीया."

सावित्रम्मानं त्याच वेळी देव्हाऱ्यापुढं दिवा लावला. ईरप्पाचा पाय ठेक्यावर हलत होता. प्रेमला या घरात आली की कशी हसेल ते त्याच्या डोळ्यांपुढं येत होतं. घरात सगळं आनंदात होतं.

तो आनंद दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी सकाळी गुरुलिंगप्पा पेपर वाचता वाचता थांबले, नाक वर केलं आणि म्हणाले, "काय मेलंय?"

"कुठं काय?" सावित्रम्मा पूजा आटोपून उठत होती. तिच्याकडून उत्तराची आशा नव्हती. गेली कित्येक वर्षं ती दिवसभर तपकीर ओढत असे. तिच्या नाकाला तपकिरीखेरीज कशाचीही ओळख उरली नव्हती.

पण वास होता. आंबूस आणि कुबट. दोन खोल्यांच्या त्या घरात गुरुलिंगप्पांनी झडती सुरू केली. मोरी घासून झाली. खाटेखालच्या ट्रंका ओढून झाल्या. ज्वारीचं पिंप रिकामं करून झालं. उंदीर काही सापडला नाही. हुंगत हुंगत ते देव्हाऱ्यापाशी पोचले. तिथं नुकताच धूप घातलेला होता. निळसर धुराचे लोट चालले होते आणि राळेच्या वासापुढं दुसरं काहीच कळत नव्हतं.

"हितं न्हाय," ते म्हणाले.

"देवापाशी कसा असंल?" सावित्रम्मा रागावून म्हणाली आणि देव्हाऱ्याची दारं लावून घेतली. थोड्या वेळानं वास आपोआप ओसरला.

संध्याकाळी तो पुन्हा आला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा, संध्याकाळी पुन्हा. दुपारभर मात्र नावाला. जकात खात्यात मुरलेल्या माणसाला एवढं पुरेसं होतं. माल कधी येतो, कुणाबरोबर येतो हे पाहत राहायचं, चोर आपोआप सापडतो, हे गुरुलिंगप्पांचं शास्त्र. त्यांनी लक्ष ठेवलं. सकाळी ईरप्पा दाढी करताना तबकडी लावतो तेव्हा वास येतो. संध्याकाळी दुकानातून येऊन तबकडी लावतो तेव्हा वास येतो. ईरप्पा दुकानात असतो, तबकडी गप्प असते, तेव्हा वास नाही. सावित्रम्मा पूजाही नेमकी त्याच वेळी करते हे त्यांच्या लक्षात आलं नाही असं नाही. पण पूजेमुळं घरात दुर्गंधी सुटते असं मनात तरी कसं आणायचं?

"अगं, त्या तबकडीत कायतरी हाय," ते हळूच म्हणाले.

"गाण्याला वास असतो व्हय?"

"परदेशी हाय. काय सांगावं."

तबकडी काखेत मारून ते शेजारी गंगाधर मास्तरांकडं गेले. मास्तर इंग्रजी शिकवून निवृत्त झाले होते आणि गल्लीत इंग्रजीतलं काहीही आलं, तारेपासून औषधाच्या बाटलीपर्यंत, की त्यांच्याकडंच जायचं. मास्तरांनी चष्मा पुसला आणि वेष्टनावरची अक्षरं वाचली.

"फंक," ते म्हणाले.

"म्हंजे काय?"

मास्तरांनी फळीवरून जाडजूड शब्दकोश उतरवला. "हं. एक, भीती. घाबरगुंडी उडणे. दोन, उदासी. मन खचणे. तीन..." ते थांबले. "तीन, उग्र दर्प."

गुरुलिंगप्पा कोशात डोकावले. "दर्प? म्हंजे वासच की!"

"वासच. गमतीदार शब्द आहे."

"आन गाणं? गाण्याचं काय लिवलंय?"

"गाण्याचं यात काही नाही. कोश माझ्या वडिलांच्या वेळचा आहे." फंक नावाचा गाण्याचा प्रकार निघाला तो त्यानंतर, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

गुरुलिंगप्पा घरी परतले ते बोटांवर तिन्ही अर्थ मोजत. वास तर सुटलाच होता. उदासीचं काय? ती समोर ओट्यावरच बसलेली होती. ईरप्पा गुडघ्यात मान घालून बसला होता. काल रात्री त्यानं अर्धीच भाकरी खाल्ली होती, शेंगांच्या चटणीला हातही लावला नव्हता. आज तर त्यानं दुकानातून येऊन तबकडीही लावली नव्हती, कारण ती गुरुलिंगप्पांच्याच काखेत होती.

"दोन गोष्टी घरात शिरल्या," गुरुलिंगप्पा बायकोला म्हणाले. "तिसरी तेवढी ऱ्हायली."

"तिसरी कंची?"

"भीती."

"ती कुणाला?"

"मला वाटायला लागलीया की आता."

ईरप्पाच्या उदासीचं कारण मात्र निराळंच होतं, आणि ते तो कुणाला सांगू शकत नव्हता. वास त्यालाही येत होता. आपण घरी आलो की वास येतो, आपण दुकानाला निघालो की अप्पा म्हणतात 'आता बरं वाटायलंय', हे त्यानं दोन-तीनदा ऐकलं होतं. यातून कोणीही जे अनुमान काढेल तेच त्यानं काढलं. वास आपल्याच अंगाला येतो.

एकदा हे मनात भरल्यावर पुरावे चहूबाजूंनी यायला लागले. दुकानात एका गिऱ्हाईक बाईनं चादर पाहता पाहता पदर नाकाला लावला. एक म्हातारा म्हणाला, "जरा हवेशीर जागा न्हाय का बसायला?" कुत्रंसुद्धा त्याला पाहून वाट बदलून गेलं असं त्याला वाटलं. शेवटी त्यानं बाळूला दुकानामागच्या गोदामात गाठलं, दार लोटलं आणि विचारलं, "बाळ्या, खरं सांग. माझ्या अंगाला वास यायलाय का?"

बाळूनं मन लावून हुंगलं. "यायलाय की."

ईरप्पा मागं सरकला. "कसला?"

"साबणाचा. लई यायलाय. किती वेळा अंघोळ केलीस?"

"तीनदा. साबणाच्या खाली कसला येतोय ते सांग."

"खालचं कसं हुंगू, बाबा? वरचा साबण संपंल तवा इचार."

यानं काय समाधान होणार? ईरप्पाला रडू यायचं तेवढं बाकी होतं. तिसरं स्थळ, मनासारखी मुलगी, आणि रविवारी तिचे आईबाप आपल्या शेजारी बसणार. दुसरं स्थळ का मोडलं ते आता त्याला कळल्यासारखं वाटत होतं. कुणी तोंडावर सांगितलं नाही एवढंच.

शनिवारी सकाळी गुरुलिंगप्पांनी निर्णय जाहीर केला. "तबकडी घरात ठेवायची न्हाय. उद्या पावणे यायलेत."

ईरप्पानं वादच घातला नाही. ज्याच्या अंगालाच वास येतो त्यानं तबकडीसाठी काय भांडायचं? फेकून द्यायला मात्र कुणाचा हात होईना, बाळूच्या मेहुण्याची वस्तू होती. शेवटी गुरुलिंगप्पा ती पुन्हा मास्तरांकडं घेऊन गेले. मास्तर पोट धरून हसले.

"अहो कोरे, असल्या गोष्टींवर मी विश्वास ठेवत नाही. आणा इकडं. माझ्या पुस्तकांत खुशाल राहू दे."

त्या संध्याकाळी ईरप्पा घरी आला आणि सावित्रम्मानं दिवा लावला. वास आला. आधीपेक्षाही जास्त. गुरुलिंगप्पा म्हणाले, "मागं ऱ्हायलेला असर हाय. जाईल उद्यापर्यंत." ईरप्पाला ते पटलं नाही. तबकडी नव्हती, उरला होता तो एकटाच. त्यानं बादली भरली आणि चौथ्यांदा अंघोळीला बसला.

रविवारी घर झाडून, पुसून, सारवून लख्ख झालं. खिडक्या सताड उघड्या. चारी कोपऱ्यांत उदबत्त्या. ईरप्पानं अर्धी बाटली हिना अत्तर अंगावर ओतलं होतं आणि शर्टाला हिरवे डाग पडले होते. धोंडप्पा पाहुण्यांना घेऊन आला. निंगप्पा धिप्पाड, मोठ्या मिशांचे, कमी बोलणारे. शांतम्मा ठेंगणी, चौकस, डोळे सगळीकडं फिरवणारी. चहा झाला, पोहे झाले. ईरप्पा सगळ्यांपासून लांब, दाराच्या चौकटीत, उन्हात बसला होता.

"जावई, आत या की. उन्हात कशाला बसलाय?" शांतम्मा म्हणाली.

"हितंच बरं हाय," ईरप्पा म्हणाला आणि आणखी हातभर बाहेर सरकला.

निंगप्पांनी मिशीवरून हात फिरवला आणि धोंडप्पाकडं पाहिलं. पोरगा पाहुण्यांजवळ बसत नाही म्हणजे काय? धोंडप्पानं नुसतीच मान हलवली. गुरुलिंगप्पांच्या तोंडचं पाणी पळालं. कुणी घड्याळाकडं पाहिलं, कुणी कपातला गाळ पाहिला.

सावित्रम्माला मात्र यातलं काही जाणवलं नाही. ती या क्षणाची आठवडाभर वाट पाहत होती. तिनं पदर सावरला, देव्हाऱ्याची दोन्ही दारं उघडली आणि ताटात गाठोडं घेऊन वळली. गाठोड्यावर आठवडाभराचं हळदकुंकू साचलं होतं. खण ओलसर होऊन काळपट पडला होता. त्याच्याबरोबर जो वास बाहेर आला त्यानं उदबत्त्या आणि हिना अत्तर दोन्ही गुंडाळून ठेवले. निंगप्पांनी उपरणं नाकाला लावलं. धोंडप्पा उठून खिडकीत गेला.

ईरप्पा चौकटीत ताडकन उभा राहिला. "तुमी बसा," तो म्हणाला. "मी जातो भायेर. त्यो वास माझा हाय."

"तुझा?" निंगप्पा उपरण्याआडून म्हणाले.

"व्हय. अंगातच हाय माझ्या. चार अंघोळी केल्या तरी जाईना. आधीच सांगितलेलं बरं. लगीन झाल्यावर प्रेमलाला कळलं तर तिनं काय करायचं?"

"काय बी बोलतोय!" गुरुलिंगप्पा ओरडले. "वास त्या तबकडीचा हाय! मास्तरांच्या पुस्तकात लिवलंय!"

"कुठली तबकडी?" निंगप्पांनी धोंडप्पाला विचारलं.

"मला न्हाय ठावं," धोंडप्पा खिडकीबाहेर तोंड काढून म्हणाला. "मी बार्शीला होतो."

या गदारोळात सावित्रम्मा शांतपणे शांतम्मापुढं बसली आणि ताट खाली ठेवलं. "घ्या, ताई. तुमची ओटी. रोज दोन वेळा पूजा केली, पण कुणाचा हात लागू दिला न्हाय. आता तुमच्याच हातानं उघडा."

शांतम्मानं गाठोड्याकडं पाहिलं. मग सावित्रम्माकडं. पुन्हा गाठोड्याकडं.

"ह्ये अजून तसंच हाय?"

"मग? तुमी उघडल्याशिवाय कसं उघडायचं?"

"अगं बाई," शांतम्मानं कपाळावर हात मारला, "खवा हाय त्यो!"

सावित्रम्मानं ताटाकडं पाहिलं, तशी शांतम्माच पुढं म्हणाली,

"अप्पांनी आमच्याकडं पेढे लई आवडीनं खाल्ले. म्हणून घरच्या म्हशीचा ताजा खवा पाठवला. त्याच दिवशी खायचा होता!"

"पर खण?" सावित्रम्मानं विचारलं.

"धुतलेलं फडकं सापडंना. ह्यो धोंडप्पा दारात गाडी जाईल म्हणून ओरडायलाय. कपाटातला खण काढला आन बांधला."

"आन गाठीला कुंकू?"

"पूजेतनं उठले होते. हात धुवायचा ऱ्हायला."

सगळे धोंडप्पाकडं वळले. त्यानं खिडकीतून तोंड आत घेतलं. "मी सांगितलं की, जपून ठिवा."

"आन रविवारी पावणे येणार म्हणालास!"

"ते येगळं सांगितलं. ह्ये येगळं सांगितलं. घाईत जवळजवळ सांगितलं एवढंच."

गुरुलिंगप्पा ताटातल्या गाठीकडं बघत राहिले. उभ्या जन्मात शेकडो लोकांची गाठोडी सोडली. आणि जे एकच सोडायला पाहिजे होतं ते घरात आठ दिवस देवाशेजारी बसलं होतं. त्यांना हसावं की रडावं कळेना. सावित्रम्मानं ताट उचललं, तोंड फिरवून मागच्या दारानं गेली आणि परसाच्या भिंतीपलीकडच्या उकिरड्यात ते सगळं रिकामं करून आली. परत आली तेव्हा तिचे डोळे पाण्यानं भरले होते. सुनेची ओटी म्हणून तिनं त्या गाठोड्याशी मनातल्या मनात रोज काय काय बोलून ठेवलं होतं.

निंगप्पांनी उपरणं नाकावरून काढलं. "जावई, हिकडं ये."

ईरप्पा दोन पावलं आत आला.

"अजून. हितं, माझ्याजवळ बस." ईरप्पा बसला. निंगप्पांनी त्याच्या खांद्याजवळ नाक नेऊन मोठा श्वास घेतला आणि तीनदा शिंकले. "अत्तर लई घातलंस," ते म्हणाले. मग त्यांनी उपरणं खांद्यावर टाकलं. "आमी तीन घरं बघितली ह्या पोरीसाठी. सगळीकडं खोट झाकून ठेवलेली. अंगात नसलेली खोट सांगणारा तू पयला भेटलास."

"आन आमच्या खव्याची दोन वेळा पूजा करणारी सासू कुठं मिळंल?" शांतम्मा सावित्रम्माचा हात धरून म्हणाली. "माझ्या पोरीला ह्या घरात काय कमी पडणार न्हाय."

सुपारी फुटली. धोंडप्पानंच फोडली, कारण त्याच्याकडून आता काहीतरी चांगलं व्हायला हवं होतं.

एवढ्यात दार वाजलं. दारात गंगाधर मास्तर होते. त्यांनी तबकडी दोन बोटांत, अंगापासून लांब धरली होती आणि दुसऱ्या हातानं नाकाला रुमाल लावला होता. चेहरा उतरला होता.

"कोरे, ही तुमची ठेव परत घ्या."

"का हो? काल तर हसत होता."

"काल काही नव्हतं. अर्ध्या तासापूर्वी मागच्या खोलीत वाचत बसलो होतो, एकदम वास सुटला. भयंकर. मी म्हटलं, योगायोग असेल. पण मग छाती धडधडायला लागली. आणि आता..." मास्तरांनी तबकडी आणखी लांब धरली. "आता उगाचच उदास वाटतंय. तिन्ही अर्थ, कोरे. तिन्ही. माझी अख्खी हयात शब्दकोशात गेली, पण शब्द असा अंगावर आलेला मी पाहिला नव्हता."

मास्तरांच्या मागच्या खोलीची खिडकी उकिरड्यावर उघडते हे गल्लीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. सावित्रम्मानं तोंडाला पदर लावला. खरं सांगायला गुरुलिंगप्पांनी तोंड उघडलंही, पण एवढ्या शिकलेल्या माणसाच्या हातात आपलीच भीती परत आलेली पाहून त्यांना आठ दिवसांत पहिल्यांदाच जरा बरं वाटत होतं. ते गंभीरपणे म्हणाले, "द्या. आमची सून संभाळील." मास्तर गेल्यावर घरभर जो हशा उठला त्यात निंगप्पांच्या मिशाही हलल्या. ईरप्पानं तबकडी लावली. धप्, धप्, टिक, धप्. निंगप्पांनी बराच वेळ ऐकलं आणि विचारलं, "गाणं कवा सुरू होतंय?"

"ह्येच गाणं हाय की!" गुरुलिंगप्पा जाणकारासारखे म्हणाले.

पुढच्या गुरुवारी गुरुलिंगप्पा घरात एकटेच होते. सावित्रम्मा सिद्धेश्वराच्या दर्शनाला गेली होती. धोंडप्पा आला, घाईतच, आणि खणात बांधलेलं एक गोल गाठोडं त्यांच्या हातात देऊन म्हणाला, "मंगळवेढ्यासनं," आणि गाडी गाठायला पळाला.

पोळलेल्या माणसाला गाठ सोडायला किती वेळ लागतो? गुरुलिंगप्पांनी उंबऱ्यातच गाठ सोडली. आत नारळ होता. हळकुंडं, सुपाऱ्या, खारका, हिरवी खणाची चोळी, आणि पानात गुंडाळलेलं कुंकू. या वेळी ती खरोखरच ओटी होती.

अक्कलकोटची पासष्ट वर्षांची कुमारिका त्यांच्या डोळ्यांपुढं उभी राहिली. सावित्रम्मा परतायच्या आत त्यांनी सगळं जसंच्या तसं आत रचलं, खणाची टोकं ओढून गाठ मारली आणि गाठीवर कुंकवाचं बोट उमटवलं. संध्याकाळी सावित्रम्मानं आनंदानं गाठोडं देव्हाऱ्यात ठेवलं. नवऱ्यानं त्या रात्री निम्मीच भाकरी खाल्ली, ती कशानं हे तिला कळलं नाही.

साखरपुड्याच्या दिवशी ताट शांतम्मापुढं आलं. ती गाठ सोडायला वाकली आणि थबकली. गाठ तिच्या हातची नव्हती, दुहेरी होती, आवळून मारलेली, दोन्ही टोकं आत खोचलेली. जकात नाक्यावर तपासलेला माल अशाच गाठीनं बांधून परत देत. शांतम्मानं मान वर करून गुरुलिंगप्पांकडं पाहिलं. गुरुलिंगप्पा छताकडं पाहत होते. त्यांच्या कपाळावर घाम फुटला होता.

शांतम्मानं गाठ सोडली, नारळ सावित्रम्माच्या ओटीत घातला आणि जाता जाता व्याह्यांच्या कानाशी हळूच म्हणाली, "बरं केलंत, अप्पा. मीच धोंडप्पाला म्हणले होते, ह्या बारीला त्यांना उघडून बघायला सांग. त्यो इसरला असंल."